मनगट धरलं, आता पुढे?

ताई ची या चिनी युद्धकलेच्या सरावाचा तास संपत आला होता. चोवीस हालचालींचा संच दोनदा करून झाला होता, कुणी घाम पुसत होतं, कुणी पाण्याची बाटली शोधत होतं. तेवढ्यात शिकणाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याची दोन्ही मनगटं समोरून धरली आणि हसत म्हटलं, "चल, सोडव. पहिलीच हालचाल आहे ना ही?" ज्याची मनगटं धरली तो काही नवखा नव्हता. संच त्याला पाठ होता, पावलं नेमकी पडायची. त्याने श्वास घेतला, हात उचलायला लागला आणि सगळ्यांत आधी वर गेले ते त्याचे खांदे. हात होते तिथेच राहिले. त्याने जोर वाढवला, मान आखडली, टाचा किंचित उचलल्या गेल्या. धरणाऱ्याने पकड आणखी आवळली. मग दोघंही हसले आणि विषय संपला.

त्यांच्यापुरता संपला. बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून मात्र ते वर गेलेले खांदे हलत नाहीत, कारण जे फसलं ते एखादं अवघड तंत्र नव्हतं. ताई चीचे बहुतेक संच याच हालचालीने सुरू होतात. पायांत खांद्यांइतकं अंतर, हात सावकाश समोरून खांद्याच्या उंचीपर्यंत, मग गुडघे वाकवत तळवे पोटाच्या पातळीला. सगळं मिळून काही सेकंदांचं काम. अनेकांना ते श्वास जुळवण्यासारखं किंवा प्रार्थनेसारखं वाटतं, आणि तसं केलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. फक्त मनगट धरलं गेलं की ते चालत नाही.

चालायला हवं ते असं. कुणी दोन्ही मनगटं घट्ट धरतो तेव्हा त्याचे स्वतःचे हातही तिथेच अडकलेले असतात, हे तो विसरतो. आवळलेल्या पकडीमागे कोपर ताठ होतं, कोपरामागे खांदा ताठ होतो, आणि त्याच्या बोटांपासून पाठीपर्यंत जणू एकच काठी तयार होते. त्या काठीचं आपल्याकडचं टोक सरळ वर उचलायला गेलं की त्याच्या अख्ख्या वजनाशी गाठ पडते. म्हणून आधी वर जायचंच नाही. आधी गुडघे दोन बोटं वाकतात, कोपरं जमिनीकडे जड होतात आणि मनगटं बोटभर पुढे, त्याच्याच दिशेने सरकतात. एवढ्याशा अंतरात त्याच्या हातांमधली ढील संपते. मग पाय सरळ होत जातात आणि मनगटांची पाठ तिरकी, पुढे आणि वर चढते. काठी त्याच्या खांद्यांना मागे रेटते, त्याचं वजन टाचांवर जातं. तो सावरायला पुढे येणार, आणि नेमका तेव्हा हालचालीचा दुसरा भाग येतो. गुडघे वाकतात, कोपरं उतरतात, हात खाली जातात, आणि सावरायला निघालेलं त्याचं डोकं हवं त्यापेक्षा जास्त पुढे येतं. पकड सैल असेल तर यातलं काही घडत नाही. पण मग अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात त्या फटीतून मनगट आपसूक निसटतं.

खांदे या सगळ्यात एकदाही वर जात नाहीत.

चोवीसच्या संचात हे सहसा कुणी सांगत नाही, आणि त्याचा दोष संचाला देता येत नाही. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने ताई चीच्या यांग शैलीतून तो बांधला तो लोकांच्या आरोग्यासाठी. लांबलचक पारंपरिक संचातली पुनरावृत्ती कमी केली, सोप्याकडून अवघडाकडे क्रम लावला, पाचेक मिनिटांत आटपेल असा आकार दिला. पण ज्या यांग शैलीतून तो निघाला तिचं संथ, एकसारख्या गतीचं रूप रूढ करणारे यांग चेंगफू यांचं १९३१ सालचं पुस्तक हालचालींच्या लढाईतल्या वापरावरच होतं, आणि त्याच्या नावाचा अर्थही 'ताई ची छुआन (ताई चीचं पूर्ण नाव) वापरायची पद्धत' असाच आहे. संथपणा आणि मारामारी यांच्यात त्यांना विसंगती दिसत नसावी. आणखी मागे, सोळाव्या शतकात, किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढणारा मिंग राजवटीचा सेनापती ची जिग्वांग याने मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे नोंदवून ठेवले. त्यातली कित्येक नावं हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावच्या चेन शैलीत आजही भेटतात, 'एकेरी चाबूक' त्यांपैकीच. गंमत अशी, की रिकाम्या हातांची ही विद्या मोठ्या युद्धात फारशी कामाची नाही, हातापायांना वळण लावायला मात्र चांगली, असं त्याच सेनापतीने लिहून ठेवलंय. व्यायाम की लढाई, हा वाद आजचा नाही.

खरा घोटाळा नावांनी केला आहे. 'पांढरा क्रौंच पंख पसरतो', 'रानघोड्याची आयाळ', 'समुद्रतळाची सुई'. नाव ऐकलं की एक चित्र डोळ्यांसमोर येतं आणि शिकणारा त्या चित्राकडे धावतो. तक्त्यांवरची छायाचित्रंही शेवटच्या क्षणाची असतात, हात पोहोचलेला, पाऊल टेकलेलं. पण हात पोहोचला म्हणजे काम आधीच झालेलं आहे, किंवा आधीच फसलेलं आहे. डाव घडतो तो एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे जाताना, म्हणजे नेमकं जिथे सगळे घाईने पाय उचलतात तिथे.

'गुडघ्यावरून हात फिरवणे' घ्या. चित्र असं, की डावं पाऊल पुढे, डावा हात डाव्या गुडघ्याच्या बाहेर, उजवा तळवा समोर. सरसकट सांगितला जाणारा अर्थ असा, की खालून आलेली लाथ डाव्या हाताने बाजूला सारा आणि उजव्या तळव्याने छातीवर मारा. अर्थ चूक नाही, पण कुणी खरोखर लाथ घालून पाहिली की त्यातली भोकं दिसतात. नडगीचं हाड आणि हाताचं हाड आपटलं तर हाताचं मोडतं, यात काही गूढ नाही. शिवाय 'सारा, पाऊल टाका, मारा' असे तीन ठोके मोजणाऱ्याला दुसऱ्या ठोक्यालाच मार बसलेला असतो. उत्तर त्या चित्राच्या आधीच्या भागात आहे, ज्याला बरेच जण नुसती सजावट समजतात. पाऊल टाकण्याआधी कंबर उजवीकडे वळते, उजवा हात मागे-खाली जाऊन वर येतो आणि डावा तळवा छातीसमोरून उजव्या खांद्यापर्यंत जातो. या वळण्याने धड हल्ल्याच्या रेघेवरून बाजूला झालेलं असतं. छातीसमोरून गेलेल्या त्या तळव्याने तोंडावर येणारा ठोसा आधीच वळवलेला असतो. आता तोच तळवा खाली जातो तो लाथेला अडवायला नाही, हुकलेल्या लाथेला जाता जाता वाट दाखवायला.

मला विचाराल तर याच हालचालीचा दुसरा वापर जास्त भरवशाचा. लाथ विसरा. समोरचा जवळ आलाय, ठोसा बाजूला गेलाय. डावं पाऊल त्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला, टाचेच्या मागे जाईल इतकं टेकतं. खाली गेलेला डावा हात त्याच्या गुडघ्याच्या लवणीत अडकतो आणि पुढे-वर खेचतो, उजवा तळवा छातीच्या वरच्या भागावर पुढे-खाली दाबतो. खाली एक दिशा, वर उलटी दिशा. माणूस पाठीवर जातो. इथे तळव्याची वेळ फार नाजूक आहे. पुढच्या पायावर साधारण ७० टक्के वजन पोहोचतं त्याच क्षणी तळवा टेकायला हवा. आधी टेकला तर नुसत्या दंडाचा जोर लागतो, नंतर टेकला तर आपणच ओणवे झालेलो असतो. आणि स्वतःची दोन्ही पावलं एका रेघेत ठेवून, दोरीवरून चालल्यासारखं पाऊल टाकलं तर समोरच्याने फक्त बाजूने बोट लावायचं बाकी राहतं. दोन पावलांमध्ये आडवं वीतभर, त्याहून थोडं जास्तच अंतर हवं. संच चुकीचा बसलेल्यांमध्ये ही चूक इतकी सार्वत्रिक आहे, की आधी पाय बघावेत, हात नंतर.

'चिमणीचं शेपूट पकडणे' या एका नावाखाली तर चार निरनिराळी कामं ओळीने येतात, पेंग, लू, जी आणि आन. अंदाजाने सांगायचं तर तोलून धरणं, वळवून जाऊ देणं, चेपणं आणि ढकलणं. पेंगमध्ये पुढचा हात छातीसमोर आडवा, गोलसर, हात आणि छाती यांच्या मध्ये मोठा चेंडू धरल्यासारखा, कोपर मनगटापेक्षा जरा खाली. समोरच्याने त्या हातावर दाब दिला की बहुतेकांचं कोपर बरगड्यांना टेकतं. कोपराचा कोन ९० अंशांच्या आत गेला की तो हात आपला राहत नाही, आपल्याच हाताने आपल्याला बांधून ठेवल्यासारखं होतं. हे तपासायला जोडीदाराला दाब हळूहळू वाढवायला सांगावं आणि एवढंच बघावं, की आपला खांदा जड होतोय की मागची टाच. टाच जड होत असेल तर दाब जमिनीकडे चाललाय. खांदा जड होत असेल तर तो आपल्यातच साठतोय, आणि साठलेलं फार वेळ टिकत नाही.

दाब आणखी वाढला की लू. एक तळवा त्याच्या मनगटावर, दुसऱ्या हाताचा मनगटाजवळचा भाग त्याच्या कोपराच्या किंचित वर. वजन मागच्या पायावर जातं, कंबर वळते, हात फक्त चिकटून राहतात. इथे माणसं ओढतात, तेही सरळ स्वतःच्या पोटाकडे. मग समोरचा माणूस खांदा पुढे करून थेट अंगावर येऊन आदळतो, आणि त्याच्यासाठी ती मेजवानीच. ताई चीत त्या धडकेला 'खाओ' असं स्वतंत्र नाव आहे. लूची दिशा आपल्या कुशीच्या बाहेरून जायला हवी. नेमकी कुठे, ते त्याच्या पावलांवरून ठरतं. त्याची दोन्ही पावलं जोडणारी एक रेघ मनात ओढायची आणि तिच्या मध्यावरून काटकोनात दुसरी. या दुसऱ्या रेघेवर त्याला पुढेही आधार नसतो आणि मागेही. दंडात बेडक्या असोत नसोत, त्या दिशेला माणूस सहज जातो. त्याला हे जाणवतं, तो हात मागे घेतो, आणि तेव्हाच जीला जागा मिळते. मागे जाणाऱ्या हाताच्या पाठोपाठ आपला पुढचा हात त्याच्या छातीकडे जातो, दुसरा तळवा आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, दोन हातांचा एक हात होतो. तो मागे घेतच नसेल तर जी करायची नाही. संचात पुढे आहे म्हणून केली की ती भिंतीवर आपटते. शेवटी आन. दोन्ही तळवे आधी जरा खाली बसतात आणि मग पुढे-वर जातात. तळवे त्याच्या दंडांवर हवेत, त्याचे हात त्याच्याच अंगाशी दाबले जातील असे. सरळ छातीवर ठेवले तर त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि आपलं तोंड त्याच्यासमोर उघडं.

बाकीच्यांचं थोडक्यात. 'एकेरी चाबूक'मधला आकडीसारखा हात पकडायला नाही, तर ठोशाचं मनगट वरून अडकवून खाली-मागे न्यायला आहे. आकडी करकचून आवळली की मनगट ताठ होतं आणि अडकवायचं तेच निसटतं. 'ढगहात' म्हणजे एका हाताने त्याचं मनगट आणि दुसऱ्याने कोपराच्या वरची बाजू धरून, कमरेच्या वळणाने सरळ हात उलटा दाबणं. 'पिपा वाजवणे' (पिपा म्हणजे चिनी तंतुवाद्य) हा त्याचाच जवळचा भाऊ, फक्त कात्रीसारखा. त्यात पुढची टाच नुसती टेकलेली असते, कारण तिच्यावर वजन नको. ती त्याच्या नडगीवर जायला मोकळी हवी. 'माकडाला मागे सारणे' करताना धरलेला हात मागे घेत असतानाच दुसरा तळवा तोंडावर जातो. मागे टाकलेलं पाऊल आपल्याच पुढच्या पावलाच्या सरळ पाठीमागे आलं की आपला तोल गेलाच. आणि लाथा. स्पर्धेत उंच गेलेली लाथ छान दिसते, पण वापरात टाच गुडघ्यावर किंवा फार तर मांडीच्या सांध्यावर जाते. वर गेलेला पाय परत यायला वेळ घेतो, आणि तेवढा वेळ माणूस एका पायावर उभा असतो.

हे सगळं कागदावर छान दिसतं, आणि अडचण तीच आहे. १९५४ च्या जानेवारीत मकावमध्ये ताई चीच्या वू शैलीचे वू गोंगयी आणि श्वेत क्रौंच या दुसऱ्या चिनी युद्धकलेचे छान हाकफू यांची मदतनिधीसाठी जाहीर लढत झाली. वू यांनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, छान बरेच तरुण होते. लढत दुसऱ्या फेरीत थांबवली गेली आणि निकाल लागला तो 'जय नाही, पराजय नाही, बरोबरीही नाही' असा. तिचं चित्रण आजही पाहता येतं. त्यात ढगहात किंवा पिपा शोधणाऱ्याची निराशा होते. दिसतात ती घाईने झेपावणारी, लांब लांब हात फिरवणारी दोन माणसं. २०१७ साली छंगतू शहरात मिश्र मार्शल आर्ट्सच्या एका लढवय्याने ताई चीच्या एका शिक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत जमिनीवर आणलं, ते चित्रण तर जगभर फिरलं. त्यावरून दोन तट पडले. एक म्हणतो, या हालचालींत काही नाहीच. दुसरा म्हणतो, तो खरा गुरू नव्हता. दोघांनाही मधली साधी गोष्ट बघायची नसते, की पडायला तयार नसलेल्या माणसाबरोबर रोज सराव केला होता का?

डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि काय करायचं ते निवडायचं असेल तर त्याहून जास्त. जवळून आलेला ठोसा तेवढी सवड देत नाही. म्हणजे 'ठोसा दिसला, आता ढगहात करू' हे मुळातच जमणारं नाही. ताई चीची सगळी मदार म्हणूनच स्पर्शावर आहे. हात हाताला लागला की समोरच्याचं वजन कुठे चाललंय ते कातडीला डोळ्यांआधी कळतं. थुइशौ, म्हणजे जोडीने एकमेकांचे हात ढकलण्याचा सराव, त्यासाठीच. पण थुइशौतही स्पर्श आधीपासूनच झालेला असतो. न लागलेला हात लागेपर्यंतच्या मधल्या काळाचं काय, हे तिथे शिकवलं जात नाही, आणि मार तिथेच खाल्ला जातो.

म्हणून एकच हालचाल घ्यावी, पंधरवडाभर तीच. सुरुवातीला मनगटाला मनगट लावून एकाच हाताचं वर्तुळ, अगदी सावकाश, जोर शून्य. त्यानंतर जोडीदाराने ठरलेला एकच हल्ला करायचा, पण कधी ते न सांगता. इथेच पहिल्यांदा खांदे वर जातात, श्वास अडकतो, आणि ते चांगलंच, निदान दिसलं तरी. मग मात्र त्याला हट्टी व्हायला सांगायचं, हात मागे घे, दुसऱ्या हाताने मार, धरून लटक. दहा वेळांत दोनदा जमलं तरी पुष्कळ. जोडीदार पहिल्याच दिवसापासून दहाच्या दहा वेळा पडत असेल तर जोडीदार बदलावा. त्याला पडायची सवय लागलेली असते आणि आपल्याला पाडल्याच्या भासाची. कोपराच्या डावांत शेवटचा एक तृतीयांश भाग नेहमी सावकाश, जोडीदाराने थांबायची खूण म्हणून थोपटलं की लगेच सोडायचं. ते सांधे उलट्या दिशेला फार सोसत नाहीत, आणि दुखायला लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

तीच दोघं नंतर एकदा, संच सुरू व्हायच्या आधी, भिंतीजवळ उभी होती. मनगटं पुन्हा धरलेली. या वेळी ज्याची धरली होती त्याने काहीच उचललं नाही. गुडघे जरासे वाकले, कोपरं जड झाली, हात बोटभर पुढे गेले. हात वर चढले नाहीत, कुणी पडलंही नाही. फक्त धरणाऱ्याच्या बुटांच्या टोकांना जमिनीपासून किंचित फट पडली आणि तो अर्धं पाऊल मागे सरकला. त्याने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "थांब," तो म्हणाला, आणि मनगटं न सोडता पाय पुन्हा नीट रोवले, "आता परत कर."